सत्तेचाळीस नंबरची पूड

११ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच टाकून दिलं नसशील, तर पुढे वाच. फोन तू उचलत नाहीस. बोटीच्या कंपनीकडे पाठवलेलं टपाल पुढच्या बंदरात मिळतं, असं तुमच्या ऑफिसातल्या माणसाने सांगितलं. म्हणून पत्र.

बाबांना कंपवात झाला आहे. सोमवारी डॉक्टरांनी नाव घेतलं. तुला घाबरवायला लिहीत नाही. पण घाबरलास तरी चालेल, मला एकटीने घाबरून कंटाळा आलाय.

सुरुवात तीन वर्षांपूर्वी झाली आणि माझ्या नाकासमोर झाली. एका सकाळी मी जिना चढत होते तेव्हाच करपल्याचा वास आला. वर येऊन बघते तो पातेल्यात दुधाचा कोळसा आणि शेगडीपासून दोन हातांवर बाबा पेपर वाचत बसलेले. म्हटलं, "वास नाही आला?" तर म्हणाले, "कसला?" मी हसले. माझ्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक तक्ता आहे, त्याच्या पहिल्याच चौकटीत लिहिलंय की हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी वास जातो. तो तक्ता मीच चिकटवला आहे. दिव्याखाली अंधार.

मग खाली दुकानात हात चुकायला लागला. औषधवाल्याचा काटा दुरुस्तीला आला होता. बाबा चिमट्याने मिलिग्रॅमची वजनं पारड्यात ठेवत होते, तुला माहीत आहे ना, नखापेक्षा पातळ पत्र्याची ती. एक निसटलं. ते गुडघ्यांवर बसून शोधताना मी पाहिलं, त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि बोट आपोआप चाललं होतं, अदृश्य गोळी वळल्यासारखं. सोनाराने आपला काटा दुसरीकडे नेला. बाबा म्हणाले, नेऊ दे, त्याचा जीव सोन्यात अडकलेला असतो.

डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, वळायला लावलं, बोटं आपटायला लावली. मग म्हणाले, थरथर दिसायला लागते तोवर मेंदूतल्या त्या भागातल्या निम्म्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात. बाबा विचारात पडले. म्हणाले, "म्हणजे निम्मा माल गेल्यावर तुमचा काटा हलतो. असला काटा मी दुकानात ठेवला नसता." डॉक्टर हसले. मी नाही हसले, कारण गेली दहा वर्षं मी ह्याच पेशींवर काम करते आहे.

तू इंजिनखोलीतला माणूस, तुला कळेल. प्रत्येक पेशीत बारीक भट्ट्या असतात. अन्न आणि प्राणवायू घेऊन त्या पेशीला शक्ती देतात. पण कुठलीही भट्टी धूर सोडतेच. ज्या प्राणवायूवर जगायचं तोच आतून गंज चढवतो. तरुणपणी पेशी हा गंज पुसत राहते. बाबांच्या ज्या पेशी गेल्या त्या जन्मभर दुप्पट राबणाऱ्या असतात, इंधनही जास्त खातात आणि गंजही जास्त धरतात. आधी गंज चढतो आणि मग भट्टी बंद पडते, की भट्टी बिघडते म्हणून गंज वाढतो, ते आम्हाला अजून माहीत नाही. आधी कोंबडी की आधी अंडं, ह्याच्यावर मला पगार मिळतो.

आई गेली तेव्हा तुला उशिरा कळवलं गेलं. त्यावरून तू बाबांना जे बोललास ते बोललास. ह्या वेळी वेळेवर कळवते आहे, एवढंच.

तुझी,
बारकी


२ एप्रिल

दादा,

तुझं कार्ड आलं. चार ओळी, त्यातली एक तारखेची. पण शेवटी "औषध कुठलं देतात?" असं विचारलंस, ते मी तीनदा वाचलं.

चांगली बातमी आहे. बाबा शर्टाची बटणं स्वतः लावायला लागले. परवा जिना उतरून दुकानात गेले आणि भाजीवाल्याच्या काट्याची दांडी सरळ करून दिली. शेजारचा चष्मेवाला म्हणाला, "काटेवाले परत आले, आता बाजारात खोटं वजन चालायचं नाही." बाबांना किती बरं वाटलं ते त्यांच्या मानेवरून कळत होतं. मान ताठ होती.

डॉक्टरांची गोळी लागू पडली. मार्चच्या सुरुवातीला सुरू केली.

ती गोळी काय करते, तर मेंदूत जे रसायन कमी पडतं त्याची भरपाई करते. गळक्या टाकीत वरून पाणी ओतत राहायचं. टाकी गळायची थांबत नाही. ती थांबवणारं औषध आज कुणाकडेच नाही. हे मला रोज सकाळी उठल्या उठल्या आठवतं आणि मग दात घासताना पुन्हा आठवतं.

आमच्याकडे एक पदार्थ होता. नाव लांबलचक आहे, आम्ही सत्तेचाळीस नंबर म्हणतो. आम्ही काचेच्या बशांमध्ये चेतापेशी वाढवतो आणि त्यांत एक रंग घालतो. आत गंज वाढला की तो हिरवा चमकतो. बशी जितकी हिरवी, तितकी पेशी मरणाच्या जवळ. सत्तेचाळीस घातला की बशी काळी राहायची, म्हणजे पेशी शांत. उंदरांनाही दिला. जे उंदीर दांडीवरून पडत होते ते टोकापर्यंत चालत गेले. आमच्या बाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, कधी कुणाचं कौतुक करत नाहीत. त्या दिवशी सगळ्यांना केक आणला.

पुढे ते काम बंद केलं. वेगळी कारणं होती.

आता तू म्हणशील, मला हे कशाला सांगतेस. इथे कुणाला सांगू? बाबांना कामातलं सांगायला लागले की ते झोपतात.

जेवण बेताचं आहे त्यांचं. वास नाही म्हणून चवही नाही. म्हणतात, "सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं, गरम पुठ्ठा आणि गार पुठ्ठा." सकाळचं दूध मात्र घेतात. ते मीच देते.

बारकी


२८ एप्रिल

दादा,

गोळीचं नाव पुन्हा विचारलंस. तुमच्या बोटीवरच्या डॉक्टरला दाखवायचंय म्हणतोस. पुढच्या वेळी चिठ्ठीवरून उतरवून पाठवते. एक गोळी आहे, दिवसातून तीनदा. आणि एक पूड आहे, ती सकाळी दुधातून. पुडीचं नाव तुमच्या डॉक्टरला माहीत नसेल.

काल दुपारी एक गंमत झाली. गंमत नाही म्हणता येणार. बाबा झोपून उठले आणि खाली दुकानात गेले. थोड्या वेळाने खालूनच हाक मारली. जाऊन बघते तर ते काचेच्या पेटीतल्या छोट्या काट्यापुढे उभे. तोच, ज्याला आपल्याला लहानपणी हात लावू देत नसत.

"ह्याला कुणी हात लावला?"

"कशावरून?"

"चिमटा उजवीकडे ठेवलाय. मी डावीकडे ठेवतो. चाळीस वर्षं डावीकडे ठेवतो."

मी म्हटलं, "मीच घेतला. पत्राचं वजन बघितलं, तिकीट कमी पडायला नको."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "पत्र मिलिग्रॅमवर तोलतेस?"

त्यांनी चिमटा उचलून डावीकडे ठेवला, पेटीचं दार लावलं. हात अजिबात थरथरत नव्हता, दादा. मला एवढंच दिसत होतं. मी खोटं बोलताना पकडली गेले आहे हे माझ्या वर आल्यावर लक्षात आलं.

उलट टपाली लिही. किंवा नको लिहूस.

बारकी


१४ मे

दादा,

हे इस्पितळाच्या बाकावर बसून लिहिते आहे. कागद वॉर्डातल्या नर्सने दिला.

परवा सकाळी बाबा चष्म्याची काडी घट्ट करून घ्यायला चष्मेवाल्याकडे गेले. त्याने त्यांचा चष्मा काढला, खिडकीकडे तोंड करायला लावलं, आणि दुकान उघडं टाकून त्यांना हाताला धरून वर घेऊन आला. मला म्हणाला, "ह्यांचे डोळे बघ." पांढऱ्याच्या जागी पिवळं होतं. मी आठवडाभर त्यांच्याबरोबर एका टेबलावर जेवत होते. मी त्यांच्या हाताकडे बघत होते, डोळ्यांकडे नाही.

यकृत सुजलं आहे. आकडे बाराशेच्या घरात आहेत, जिथे चाळीस असायला हवेत. वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, सारखं घड्याळ बघतात, पण प्रश्न नीट विचारतात. त्यांनी दोनदा विचारलं, "ठरलेल्या गोळ्यांशिवाय आणखी काही घेतात? झाडपाल्याचं, शक्तीचं, कुणी दिलेलं?" पहिल्यांदा बाबाच म्हणाले, "नाही बाई, ही मुलगी देते तेवढंच." दुसऱ्यांदा त्यांनी मला बाहेर बोलावून विचारलं. मी म्हटलं, आठवून सांगते.

तू दोन पत्रांत औषधाचं नाव विचारलंस, मी पुडीचं सांगितलं नाही. ती सत्तेचाळीस नंबरची पूड आहे. काम बंद झालं तेव्हा उरलेल्या बाटल्या नष्ट करायच्या होत्या, यादीवर सही माझीच होती. एक बाटली मी पिशवीतून घरी आणली. मार्चपासून रोज पहाटे, बाबा उठायच्या आधी, त्यांच्याच काट्यावर तोलून दुधात घालत होते.

त्या पुडीला वास आहे. भयंकर. सडलेल्या अंड्यासारखा. दुसरा कुणी असता तर पहिल्या घोटाला पेला फेकून दिला असता. बाबांना येत नाही. म्हणून तर जमलं. हे वाक्य मी मनात कितीदा म्हटलं असेल, पण लिहून पहिल्यांदाच बघते आहे.

आणि काम का बंद केलं ते. म्हाताऱ्या उंदरांचं यकृत बिघडत होतं. सगळ्यांचं नाही, पाचातल्या एकाचं. मी स्वतःला सांगितलं, उंदीर तो उंदीर. डोस कमी ठेवीन. पाचातल्या चारांचं काही झालं नव्हतं. आशेला गणित लागत नाही, त्यातून मला गणित येतं, त्यामुळे मला स्वतःला फसवणं सोपं गेलं.

डॉक्टरीणबाई चार वाजता परत येणार आहेत. आत्ता सव्वातीन. सांगितलं तर नोकरी जाईल, कदाचित आणखीही काही होईल. आणि बाबांना कळेल. मला नोकरीपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटते. नाही सांगितलं तर डॉक्टरीणबाई अंधारात औषध शोधत बसतील.

पत्र बंद करते. तळमजल्यावर पेटी आहे, आधी तिच्यात टाकते, म्हणजे एका तरी माणसाला सांगितलेलं असेल आणि मागे फिरता येणार नाही.

बारकी


१६ मे

दादा,

सांगितलं.

डॉक्टरीणबाई बाबांच्या खाटेजवळच उभ्या होत्या. मी म्हटलं, बाहेर येता का. त्या म्हणाल्या, पेशंटसमोर बोला, त्यांचं यकृत आहे. मग मी तिथेच बोलले. पदार्थ, नंबर, किती दिवस, किती डोस. प्रयोगशाळेत आकडे वाचून दाखवते तशा आवाजात. त्यांनी एकदाही मान वर केली नाही, सगळं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "आता दिशा मिळाली. काल सांगितलं असतंत तर काल मिळाली असती." आणि गेल्या.

बाबा छताकडे तोंड करून पडले होते. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, "किती?"

"काय किती?"

"रोज किती घालत होतीस?"

"एकशेवीस मिलिग्रॅम."

"आधी शून्य करून घेत होतीस का काटा?"

"हो."

"हं," म्हणाले. मी विष घातल्याबद्दल माझा बाप मला काही विचारत नव्हता, नीट तोललं का ते विचारत होता. मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडू फुटलं.

माझं रडू थांबेपर्यंत बाबा थांबले. मग म्हणाले, "मला का नाही विचारलंस?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"कशावरून?"

मी कारणं द्यायला लागले, की गोळी नुसती वरून पाणी ओतते, की पेशी रोज मरतात, की माझ्या हाताशी काहीतरी असताना मी नुसती बघत कशी बसणार होते. त्यांनी हात वर केला. हात थरथरत होता.

"मी हो म्हटलं असतं की नाही, ते आता मलासुद्धा कळायचं नाही," ते म्हणाले. "गंमत बघ. कदाचित हो म्हटलं असतं. म्हातारा माणूस, घाबरलेला. आणि पोरगी हुशार. पण ते माझं म्हणणं झालं असतं. ते तू दुधात ढवळून टाकलंस."

त्यानंतर भिंतीकडे तोंड करून झोपले.

आणखी एक सांगते. बटणं लावायला लागले, दांडी सरळ केली, ते पुडीमुळे की गोळीमुळे? दोन्ही एकाच आठवड्यात सुरू केलं होतं. एक माणूस, दोन औषधं, तुलनेला कुणी नाही. असा प्रयोग कुणा विद्यार्थ्याने माझ्यापुढे आणला असता तर मी त्याला दाराबाहेर उभं केलं असतं. बहुतेक गोळीमुळेच. पुडीने काहीही केलं नसावं, यकृत सोडून.

आज आकडे नऊशे पन्नास आहेत.

बारकी


५ जून

दादा,

बाबांना घरी आणून बारा दिवस झाले. आकडे दोनशेच्या खाली आले आहेत. डोळे पांढरे झालेत, पूर्ण नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, यकृत मोठ्या मनाचं असतं, संधी दिली तर सावरतं.

प्रयोगशाळेत मी बाईंना स्वतः जाऊन सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि म्हणाल्या, "माझ्या आईला विस्मरणाचा आजार होता. मीही एकदा इथल्याच औषधांच्या फ्रीजसमोर उभी राहिले होते. दार उघडलं नाही." मग माझी चावी मागून घेतली. चौकशी चालू आहे. तिथे मला पुन्हा घेणार नाहीत, दुसरीकडेही कठीणच आहे.

बाबा माझ्या हातचं काही घेत नाहीत. रागाने नाही. राग असता तर उतरायची वाट पाहिली असती. पेला स्वतः भरतात, निम्मा सांडतो, मग फडक्याने टेबलसुद्धा स्वतः पुसतात. गोळ्यांची पाकिटं चष्मेवाल्याकडे ठेवली आहेत. तो दिवसातून तीनदा जिना चढून येतो, पाकीट बाबांना दाखवतो, नाव मोठ्याने वाचतो, मग देतो. सोमवारी मी सूप केलं. बाबांनी वाटी माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "आधी तू." मी निम्मं प्यायले. मग त्यांनी घेतलं.

चष्मेवाला भला आहे, पण त्याचंही दुकान आहे. काल बाबा म्हणाले, "तुझ्या दादाला लिही. म्हणावं, गोळी मला त्याच्या हातून घ्यायची आहे."

मी म्हटलं, "तो येईल का?"

"तू खरं लिहिलंस तर येईल."

तर खरं लिहिते.

आई इस्पितळात दहा दिवस होती. चौथ्या दिवशी बाबा मला म्हणाले, "पोराला बोलाव." तुझी पहिली बोट दोन दिवसांनी सुटणार होती, किती वर्षं घासून मिळालेली नोकरी. मला वाटलं आठवड्याभरात आई घरी येईल आणि तुझी बोट मात्र जाईल. मी तुला फोन केला आणि म्हटलं, साधा ताप आहे, बाबा म्हणतात येऊ नकोस. बाबा असं म्हणाले नव्हते. मी म्हणाले होते. बाबांना येऊन सांगितलं, त्याला सुट्टी मिळत नाही.

तू आलास तेव्हा सगळं उरकलं होतं. जिन्यात उभा राहून तू बाबांना म्हणालास, "ह्या घरात माणसाला कुणी विचारत नाही, परस्पर ठरवून टाकतात." बाबांना तेव्हा पहिल्यांदा कळलं की तुला काय सांगितलं गेलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलेन, अशी त्यांनी वाट पाहिली. मी फरशीकडे बघत राहिले. मग ते तुला म्हणाले, "चुकलं माझं."

तू बॅग उचललीस.

सहा वर्षं तू ज्या माणसाशी बोलत नाहीस त्याने काही केलेलं नाही. काल मी विचारलं, तेव्हा गप्प का बसलात. म्हणाले, "दोन्ही पोरं एका दिवसात घालवायची ताकद नव्हती. तू तेव्हा आईसारखीच पांढरी पडली होतीस. म्हटलं, सांगेल पुढे कधीतरी. तू चांगलं काम करत होतीस, मग तेही राहून गेलं."

ह्या सहा वर्षांत मी तुला आणखी आठ पत्रं लिहिली होती. टाकली नाहीत, कारण प्रत्येकात हे लिहावं लागत होतं.

आता येणं न येणं तुझ्यावर. मी ठरवणार नाही.

बारकी


२९ जून

दादा,

हे पोस्टात टाकत नाही, चष्मेवाल्याकडे ठेवून जाते आहे. तू संध्याकाळी पोचशील, तोवर मी गेलेली असेन. तुझ्या कार्डावर एकच ओळ होती, "एकोणतीसला येतो, तू तिथे नसलीस तर बरं." त्यात वावगं काही नाही. दोन गल्ल्या सोडून मला एक खोली मिळाली आहे. खाली कपडे इस्त्री करणारा आहे, दिवसभर वाफेचा आवाज येतो. बाबा म्हणाले, रविवारी येत जा. तू असताना येऊ की तू बाहेर गेल्यावर, ते तू कळव.

आता कामाचं लिहिते.

गोळ्या चष्मेवाल्याकडून घे. पांढरी गोळी दिवसातून तीनदा, जेवणाच्या आधी अर्धा तास. जेवणाबरोबर दिलीस तर नीट लागू होत नाही आणि मग संध्याकाळी ते खुर्चीतून उठू शकत नाहीत. चुकून उशीर झाला तर घाबरू नकोस, पण त्यांना तसं स्पष्ट सांग. पाकीट दाखव, नाव वाच. ते मान हलवतात, मग दे.

त्यांना जळल्याचा वास येत नाही. शेगडीवर काही ठेवलंस तर खोली सोडू नकोस.

आवाज बारीक झालाय. पुन्हा पुन्हा "काय?" विचारलं की बोलणंच सोडून देतात. जवळ बसून ऐक.

दाराच्या उंबऱ्याशी ते थबकतात. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, ओढलंस तर पडतील. हा आजाराचा भाग आहे, हट्ट नाही. जमिनीवर आडवी रेघ दिसली की पाय उचलतो, म्हणून मी सगळ्या उंबऱ्यांपुढे पांढरी चिकटपट्टी लावली आहे. खरवडून काढू नकोस. कधी कधी "एक, दोन" म्हटलं तरी जमतं.

यकृताची तपासणी दर पंधरा दिवसांनी. शेवटचा आकडा पासष्ट. वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंकडेच ने, त्यांना सगळं माहीत आहे.

आणि टाकी गळतेच आहे. हे तुला कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगते. आज जे जमतं ते पुढच्या वर्षी जमेलच असं नाही. छोट्या काट्यावर काम करायचं म्हणाले तर करू दे. वजनं पडली तर शोधून दे.

हे शेवटचं खाली, चष्मेवाल्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. आत्ता दुपारी मी बॅग भरून निघाले, तर बाबा आपणहून उठून मागे आले. दारापर्यंत आले आणि उंबऱ्याशी अडकले. पट्टी होती, तरी अडकले. एक हात चौकटीला, दुसरा थरथरत. मी बाहेर जिन्यावर, हातात बॅग. आधीची मी असते तर केव्हाच काखेत हात घालून त्यांना आत बसवलं असतं. माझा हात पुढे गेलाही होता. मागे घेतला.

म्हटलं, "बाबा, हात देऊ का?"

खाली चष्मेवाल्याच्या दुकानात कुणीतरी अक्षरं वाचत होतं, मोठ्यापासून बारीकपर्यंत. ती वाचून संपली.

"नको," ते म्हणाले.

मी मान हलवली आणि दोन पायऱ्या उतरले.

"पण विचारत जा," मागून म्हणाले.